अंदमानची बदली

(लातूर येथे कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या कानावर अंदमानचे नाव दरवर्षी मे महिन्यात पडते. उन्हाने रान भाजून निघालेले असते, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि एके सायंकाळी बातमी येते की, मोसमी पाऊस अंदमानात दाखल झाला. त्या दिवसापासून नांदेड-लातूरच्या गावागावांत बोटांवर दिवस मोजणे सुरू होते. जूनच्या मध्यापर्यंत ढग इकडे पोहोचतील, तोवर बी-बियाण्याची तजवीज करावी, असा हिशेब मांडला जातो. परंतु ज्या बेटांवरून पावसाची वर्दी येते, तेथे शाळा, दवाखाने, बंदरे आणि वेधशाळा चालतात, आणि त्या चालाव्यात म्हणून देशाच्या कानाकोपऱ्यातील माणसे काही वर्षांसाठी घरदार सोडून जातात, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. पाऊस आल्याची नोंद करणारा कर्मचारीही बहुधा असाच कोणी तरी बदलीवर गेलेला असतो.

आजचा विषय अशा माणसांचा आहे. मराठवाड्यातून सैन्यात, तटरक्षक दलात, टपाल, दूरसंचार, बँक, बांधकाम, शिक्षण अशा क्षेत्रांत गेलेल्या तरुणांची संख्या मोठी आहे. त्यांपैकी एखाद्याच्या हाती केव्हा तरी अंदमान-निकोबारच्या बदलीचा आदेश पडतो. मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते. त्या काळात कसे राहावे, कोणत्या मनाने राहावे, आणि मागे राहिलेल्या घराने त्याला कसे पाठबळ द्यावे, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो.

आदेश आल्यावर

असा आदेश घरी येतो तेव्हा काय घडते? प्रथम घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "काळ्या पाण्यावर पाठवले." मग बदली रद्द करून घेण्यासाठी कोणाची ओळख लावता येईल, याची चर्चा सुरू होते. त्यानंतर मुलांचा प्रश्न पुढे येतो. लातूरसारख्या शहरात, जेथे दहावी-बारावीच्या यशाचा 'लातूर पॅटर्न' साऱ्या महाराष्ट्रात नावाजला गेला, तेथे मुलाला ऐन नववीत उचलून बेटावर न्यायचे ही कल्पनाच आईबापांना सोसवत नाही. शेवटी असे ठरते की, त्याने एकट्याने जावे, कशीबशी मुदत काढावी आणि परत यावे.

या साऱ्या चिंता खोट्या नाहीत. वृद्ध आईवडिलांची प्रकृती, मुलांचे शिक्षण, पत्नीची नोकरी हे संसाराचे खरे प्रश्न आहेत आणि त्यांची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु 'कशीबशी मुदत काढावी' हे जे शब्द आहेत, त्यांत एक मोठी हानी दडलेली आहे. ती जाणाऱ्याची आहे, तशीच त्या बेटाचीही आहे.

शब्द जुना, भूमी नवी

'काळे पाणी' हा शब्द उगाच रूढ झाला नाही. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी बंदिवानांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरला उतरवली. पुढे १८९६ ते १९०६ या काळात सेल्युलर जेल उभे राहिले. त्यातील सहाशे नव्वदहून अधिक कोठड्या अशा रचल्या होत्या की, एका बंदिवानाला दुसऱ्याचे तोंड दिसू नये. बाबाराव सावरकर तेथे गेले, आणि जुलै १९११ मध्ये स्वातंत्र्यवीर विनायक दामोदर सावरकर दुहेरी जन्मठेपेची, म्हणजे ५० वर्षांची शिक्षा घेऊन त्याच तुरुंगात पोहोचले. दोघे बंधू १९२१ मध्ये मुख्य भूमीवर आणले गेले.

स्वातंत्र्यवीरांचे कोलू आणि दंडाबेडी सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्या काळातील आणखी एक गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या माणसाने दिवस मोजले असते तर ५० वर्षांचे मोजावे लागले असते, त्याने बंदिवानांमध्ये साक्षरतेचा प्रसार केला, तुरुंगात ग्रंथालय वाढावे म्हणून खटपट केली आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या बंद्यांना जोडणारी भाषा म्हणून हिंदीचा आग्रह धरला. ती जागा त्यांनी निवडलेली नव्हती. तरीही त्या जागेवरील माणसांसाठी काय करता येईल, हा विचार त्यांनी सोडला नाही.

याच पोर्ट ब्लेअरमध्ये ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी तिरंगा फडकवला आणि या बेटांना 'शहीद' आणि 'स्वराज' ही नावे दिली. २०१८ मध्ये नील आणि हॅवलॉक ही बेटे शहीद द्वीप आणि स्वराज द्वीप झाली. रॉस बेटाला नेताजींचे नाव मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये २१ बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे देण्यात आली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर हे शहर 'श्रीविजयपुरम' झाले. नावे बदलली, परंतु घराघरांतील 'काळे पाणी' हा शब्द अजून बदललेला नाही. तो शासनाच्या आदेशाने बदलत नाही. तेथे जाऊन आलेल्या माणसाच्या सांगण्याने बदलतो.

बेटांची ओळख

अंदमान-निकोबारचे एकूण क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे लातूर जिल्ह्याहून थोडे अधिक आणि नांदेड जिल्ह्याहून कमी. २०११ च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाखांच्या आसपास होती. बेटांची सारी लोकसंख्या ३ लाख ८० हजार इतकीच होती. चेन्नई आणि कोलकाता ही दोन्ही शहरे तेथून सुमारे बाराशे किलोमीटर दूर. विमानाने हे अंतर दोन-अडीच तासांचे, पण जहाजाने जवळजवळ तीन दिवसांचे. दक्षिण टोकाचे ग्रेट निकोबार श्रीविजयपुरमपासूनही पाचशे किलोमीटरहून दूर आहे, आणि तेथील इंदिरा पॉइंटपासून इंडोनेशियाचे सुमात्रा बेट दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. २००१ मध्ये तिन्ही सेनादलांची पहिली संयुक्त कमांड येथेच का स्थापन झाली, हे नकाशा समोर धरला की कळते.

मराठवाड्याच्या माणसाला तेथे पहिला धक्का बसतो तो पावसाचा. जेथे २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरचा माणूस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भूमीवर उतरतो. मे ते डिसेंबर कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते. आणि तरीही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तेथे पाणी जपून वापरावे लागते, कारण उताराची जमीन आणि चहूकडे समुद्र असल्याने पडलेले पाणी थांबत नाही. धरणे आणि साठवण तळी हाच आधार असतो. एका तांब्यात अंघोळ उरकण्याची सवय असलेला माणूस या बाबतीत तेथल्या शेजाऱ्यांना काही शिकवू शकतो, आणि छपरावरचे पाणी साठवण्याबाबत त्यांच्याकडून काही शिकूही शकतो.

दुसरा धक्का घड्याळाचा. घड्याळ भारताचेच, पण सूर्य पूर्वेचा. जूनमध्ये पहाटे पाचलाच उजाडते आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवस मावळतो. तिसरा धक्का ताटाचा. ज्वारी तेथे पिकत नाही. भात, मासे आणि नारळ मुबलक, पण धान्य, कांदा, बटाटा बहुतेक सारे मुख्य भूमीवरून जहाजाने येते. जहाजाला उशीर झाला की बाजारात भाव चढतात. तेथील लोक या मुख्य भूमीला 'मेनलँड' म्हणतात. आपण त्या बेटांना दूर समजतो. त्यांच्या लेखी दूर आपण आहोत.

आणि चौथी गोष्ट, जी धक्का नसून आनंद आहे, ती म्हणजे तेथील समाज. १९५१ मध्ये या बेटांची लोकसंख्या जेमतेम ३१ हजार होती. पुढे ती वाढली ती बाहेरून आलेल्या माणसांनी. जंगलतोडीच्या कामासाठी छोटा नागपूरमधून मजूर आणले गेले, त्यांना आजही 'रांचीवाले' म्हणतात. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झालेल्या बंगाली हिंदू कुटुंबांना १९४९ पासून येथे जमिनी मिळाल्या. तमिळ, तेलुगू, मल्याळी आले. जुन्या बंदिवानांचे वंशज आहेत, ते स्वतःला 'लोकल' म्हणवतात. १९६९ पासून ग्रेट निकोबारमध्ये निरनिराळ्या प्रांतांतील माजी सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे वसवली गेली, आणि त्यांत महाराष्ट्रातील कुटुंबेही होती. हे सारे आपापसांत हिंदीत बोलतात. ज्या समाजात जवळजवळ प्रत्येकाचा आजा कोठून तरी आलेला आहे, तेथे नवागताला परके वाटण्याचे कारण नाही. परके वाटतेच, तर बहुधा तो स्वतःच दार लावून बसलेला असतो.

दिनदर्शिकेवरची फुली

बदलीवर गेलेल्या माणसांत एक प्रकार असा असतो की, तो पहिल्या दिवशी भिंतीवर दिनदर्शिका लावतो आणि रोज रात्री एका तारखेवर फुली मारतो. तो वाईट माणूस नसतो. कामात कसूर करतो असेही नाही. पण त्याची पेटी कधी पूर्ण रिकामी होत नाही. तो झाड लावत नाही, कारण फळ खायला तो असणार नाही. शेजाऱ्यांची नावे जाणून घेत नाही, कारण दोन वर्षांनी त्यांचा उपयोग नाही. घसरलेल्या वहिवाटीला हात घालत नाही, कारण ते निस्तरायला पुढचा येणार आहे.

आता बेटाच्या बाजूने पाहावे. समजा एखाद्या लहान बेटावरील शाळेत गणिताचा शिक्षक असा आला. दोन वर्षे त्याने पाठ्यपुस्तक संपवले आणि तो गेला. मग दुसरा आला, तोही फुल्या मारणारा. ज्या मुलाने पहिली ते दहावी असे पाच शिक्षक पाहिले, त्याच्या मनावर एकच धडा पक्का होतो, तो हा की, येथे येणारा प्रत्येक जण जाण्यासाठीच येतो आणि आपली जागा कोणाला हवीशी नाही. राष्ट्रीय एकात्मतेवर कितीही भाषणे झाली, तरी हा धडा पुसता येत नाही. दूरच्या भूमीवरील माणसाला देश भेटतो तो अशा शिक्षकाच्या, डॉक्टरच्या, पोस्टमास्तरच्या आणि अभियंत्याच्या रूपाने. दिल्ली त्याने पाहिलेली नसते. लातूरहून आलेला हा एक माणूस त्याने पाहिलेला असतो.

दुसरा प्रकार वेगळा. तोही दोनच वर्षांसाठी आलेला असतो, त्यालाही घराची ओढ असते. पण तो पेटी रिकामी करतो. पहिल्या महिन्यात तो कामापलीकडच्या दहा घरांत जाऊन येतो. जहाजाचे वेळापत्रक, दवाखान्याची वाट, कोणत्या महिन्यात समुद्र खवळतो, हे तो तेथल्यांनाच विचारतो. गणपती बसवतो तेव्हा केवळ मराठी चार घरांना न बोलावता शेजारच्या बंगाली आणि तमिळ कुटुंबांनाही आरतीला बोलावतो, आणि दुर्गापूजेत आपणहून वाढायला उभा राहतो. काम सोडताना पुढच्यासाठी नीट लिहून ठेवतो. त्याच्या जाण्याच्या दिवशी धक्क्यावर चार माणसे येतात. मुदत दोघांचीही सारखीच होती.

मराठवाड्याचा स्वतःचा अनुभव

हे सारे आदर्शवादी वाटेल. पण नांदेड आणि लातूरच्या माणसाने याची दुसरी बाजू स्वतः अनुभवलेली आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट येथील कोणालाही विसरता येणार नाही. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी आणि परिसरातील गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर साऱ्या देशातून मदत आली. जवान, डॉक्टर, स्वयंसेवक, अभियंते, सारे तात्पुरतेच आले होते. बावन्न गावे नव्या जागी वसली. पुढे हरंगुळ येथे जनकल्याण समितीचे निवासी विद्यालय उभे राहिले. त्या काळी लातूरच्या माणसाने पाहिले की, कोणी छायाचित्र काढून गेला आणि कोणी ढिगाऱ्यातून प्रेत काढताना घरच्यासारखा रडला. दोघेही परत गेले. पण आठवण कोणाची राहिली, हे येथे सांगण्याची गरज नाही.

त्याआधी, १९६६ मध्ये, डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय सुरू केले. मोठ्या शहरात व्यवसाय करण्याची गुणवत्ता असलेली ही तरुण मंडळी तेव्हाच्या लहानशा लातुरात आली आणि लातूरचीच झाली. २०१९ मध्ये डॉ. कुकडे यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हा ते बाहेरून आले होते याची आठवणही कोणाला नव्हती.

आणि नांदेड? १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहजी नांदेडला आले, तो एका प्रवासातील मुक्काम होता. गोदावरीकाठी त्यांचे वास्तव्य थोडाच काळ घडले. परंतु त्या अल्प काळात माधोदास बैरागी त्यांच्या चरणी आला आणि बंदा सिंह बहादूर होऊन पंजाबकडे निघाला. तेथेच गुरूंनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले आणि तेथेच देह ठेवला. आज शिखांच्या पाच तख्तांपैकी एक नांदेडला आहे. मुक्काम किती दिवसांचा होता, हे आता कोणी विचारत नाही. असा वारसा ज्या मातीला आहे, तेथील माणसाने 'दोन वर्षांत काय होते' असे म्हणू नये.

एकनाथजींचे उदाहरण

नेमून दिलेले काम कसे करावे, याचा वस्तुपाठ महाराष्ट्राच्याच एका सुपुत्राने समुद्रातील एका खडकावर घालून दिला. अमरावती जिल्ह्यातील टिमटाळा येथे १९१४ साली जन्मलेले एकनाथजी रानडे संघाचे सरकार्यवाह होते. १९६३ मध्ये, स्वामी विवेकानंदांच्या जन्मशताब्दीच्या वेळी, कन्याकुमारीच्या शिलेवर स्मारक उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. भाषा वेगळी, प्रांत वेगळा, स्थानिक विरोध मोठा, राज्य शासनही प्रारंभी अनुकूल नव्हते. एकनाथजींनी कोणाशी वैर धरले नाही. सर्व पक्षांच्या ३२३ खासदारांच्या स्वाक्षऱ्या त्यांनी मिळवल्या, सामान्य माणसाकडून एकेक रुपया गोळा केला आणि तमिळ स्थपती व पाथरवटांना बरोबर घेऊन, खवळत्या समुद्रातून शिळा वाहून नेत, २ सप्टेंबर १९७० रोजी स्मारक पूर्णत्वास नेले.

काम ठरलेले होते आणि ते संपले. एकनाथजी सुखाने नागपूरला परतू शकले असते. पण ज्या भूमीवर काम केले तिच्याशी जडलेले नाते त्यांनी तोडले नाही. ७ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी विवेकानंद केंद्राची स्थापना केली, आणि केंद्राचे कार्यकर्ते पुढे ईशान्य भारतात आणि अंदमानातही पोहोचले. अंदमानात आज केंद्राच्या शाळा आहेत. खडकावरचे काम अशा रीतीने बेटांपर्यंत गेले.

जेथे थांबायचे तेथे थांबणे

आपलेपणाने राहणे याचा अर्थ सर्वत्र शिरणे असा मात्र नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. या बेटांचे मूळ रहिवासी म्हणजे ग्रेट अंदमानी, ओंगी, जारवा, सेंटिनली, शोम्पेन आणि निकोबारी. इंग्रजांची वसाहत झाली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. बाहेरच्यांनी आणलेल्या गोवरासारख्या रोगांनी त्यांची वाताहत झाली आणि आज ते पन्नासच्या आसपास उरले आहेत. म्हणूनच १९५६ च्या नियमावलीने या जनजातींच्या क्षेत्रांत प्रवेशावर कडक निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१८ मध्ये एक अमेरिकी तरुण धर्मप्रसाराच्या हेतूने, कायदा मोडून, सेंटिनल बेटावर उतरला आणि मारला गेला. त्याचा हेतू आपल्याला मान्य नाही. पण तोच नियम आपल्या उत्साही कार्यकर्त्यालाही लागू आहे. जारवांच्या रस्त्यावर गाडी थांबवून बिस्किटे देणारा, छायाचित्रे काढणारा मराठी पर्यटक किंवा कर्मचारी त्यांचे भले करीत नाही. तेथे न जाणे, हीच त्यांची सेवा आहे.

हा प्रश्न यापुढे अधिक निकडीचा होणार आहे. ग्रेट निकोबारमध्ये बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नगर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. देशाच्या सुरक्षेच्या दृष्टीने त्या जागेचे मोल मोठे आहे. त्याच वेळी तेथील जंगल, समुद्री कासवे आणि शोम्पेन यांच्याविषयी जाणकारांनी गंभीर शंका मांडल्या आहेत. असे प्रकल्प म्हणजे कामानिमित्त येणाऱ्या माणसांचा मोठा ओघ. ती माणसे फुल्या मारणारी असतील की त्या भूमीचा मान राखणारी असतील, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

घराची परीक्षा

जाणारा एकटा जात नाही, घरही त्याच्याबरोबर जाते किंवा मागे खेचते. रोज दूरध्वनीवर "कधी येणार?" एवढेच विचारणारे घर त्याला फुल्या मारायला शिकवते. "आज तेथे काय झाले? शेजारच्यांचे कसे आहे?" असे विचारणारे घर त्याला उभे ठेवते. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून दूरसंचाराची तार बेटांपर्यंत पोहोचली आणि संपर्क पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाला. पूर्वी पत्राची वाट पाहावी लागे. आज संपर्क सोपा झाला, तेव्हा त्यावरून काय बोलायचे याची जबाबदारीही वाढली.

येथे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांचे पाहणे हे मात्र केवळ त्या घराचे काम नव्हे. ज्या गल्लीतील तरुण सीमेवर किंवा बेटावर गेला, त्या गल्लीने त्याच्या घराचा दवाखाना, गॅस, बँक एवढे सांभाळावे. शाखेच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांची यादी करावी आणि आठवड्यातून एकदा तेथे चहाला जावे. एवढ्याने जाणाऱ्याचे अर्धे ओझे उतरते. मुलांच्या बाबतीतही थोडे धाडस हवे. दहावी-बारावीचे वर्ष असेल तर गोष्ट वेगळी. पण पाचवी-सहावीतील मूल दोन वर्षे त्या बहुभाषी समाजात वाढले, समुद्र पाहिला, बंगाली आणि तमिळ मित्रांबरोबर खेळले, सेल्युलर जेलच्या अंगणात उभे राहिले, तर त्याचे काही बुडत नाही. ते जे शिकते, ते कोणत्याही शिकवणी वर्गात मिळत नाही.

त्या रविवारी

शेवटी २६ डिसेंबर २००४ चे स्मरण केले पाहिजे. रविवारची सकाळ होती. सुमात्राजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला आणि काही मिनिटांत लाटा निकोबारवर आदळल्या. कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर शंभराहून अधिक जवान आणि त्यांचे कुटुंबीय वाहून गेले. त्यांपैकी बहुतेक जण बदलीवर आलेले होते. इंदिरा पॉइंटचा किनारा चार मीटरहून अधिक खचला. ग्रेट निकोबारमधील माजी सैनिकांच्या वसाहतींची घरे आणि शेते समुद्राने गिळली. किल्लारीचे दुःख पाहिलेल्या लातूरला ते दृश्य परके नव्हते. एकीकडे जमीन हलली होती, दुसरीकडे समुद्र.

त्या सकाळी लाटेने कोणाची मुदत किती उरली आहे हे विचारले नाही. बचावलेल्यांपैकी ज्यांनी त्याच दिवशी इतरांना उचलण्यास सुरुवात केली, त्यांच्या लेखी ते बेट तात्पुरते राहिलेच नव्हते.

कार्यकर्त्याने आणि त्याच्या कुटुंबाने एवढे जरी मनाशी धरले, तरी पुरे. बदलीचा आदेश आला तर तो रद्द करण्यासाठी ओळखी शोधण्यापूर्वी एकदा नकाशा उघडावा आणि मुलांना ती बेटे दाखवावीत. गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पेटी पूर्ण रिकामी करावी. एक तरी झाड लावावे, त्याची फळे पुढच्याने खावीत. आणि परत आल्यावर, पुढच्या मे महिन्यात 'पाऊस अंदमानात दाखल' ही बातमी लागेल तेव्हा, घरातील मुलाला सांगावे की, तेथे आपली माणसे राहतात, आज त्यांच्या छपरावर पहिला पाऊस पडतो आहे.